युद्ध सुरू करणाऱ्याचा खटला

१० नोव्हेंबर १९१८ च्या सकाळी जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म नेदरलँड्सच्या हद्दीवर आयस्डेन नावाच्या गावी येऊन पोचला आणि त्याने आसरा मागितला. दुसऱ्या दिवशी तोफा थांबल्या. पुढच्या वर्षी व्हर्सायच्या तहात २२७ वे कलम लिहिले गेले. आंतरराष्ट्रीय नीती आणि करारांचे पावित्र्य यांच्याविरुद्ध केलेल्या सर्वोच्च अपराधाबद्दल या माणसावर खटला चालवायचा, आणि त्यासाठी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जपान या देशांचे पाच न्यायाधीश नेमायचे, असे ते कलम. डच सरकारने कैसरला सोपवायला नकार दिला. कैसरने डोर्न गावात एक वाडा विकत घेतला, रोज झाडे तोडायचा आणि लाकडे फोडायचा छंद जोपासला, आणि जून १९४१ मध्ये तो तिथेच अंथरुणावर मरण पावला. न्यायालय कधी भरलेच नाही.

सातारा जिल्ह्यात आपशिंगे नावाचे गाव आहे. सगळे त्याला आपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने तिथे स्मारक उभारले. माझे आजोळ त्याच भागातले. आमच्याकडे लष्करातून परत आलेली माणसे पारावर बसून युद्धाच्या गोष्टी सांगत, आणि त्या गोष्टींमध्ये जर्मन माणसाबद्दल द्वेष कधी ऐकल्याचे मला आठवत नाही. थंडी, चिखल, गोऱ्या साहेबाची शिट्टी, शेजारचा मेलेला मित्र, एवढेच असायचे. त्या ४६ जणांपैकी कुणालाही हे युद्ध का सुरू झाले हे विचारण्याचा अधिकार नव्हता. ज्यांना होता, त्यांच्यापैकी कुणालाही उत्तर द्यावे लागले नाही.

पुढे मी कायदा शिकले, आता तो शिकवते. आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याच्या तासाला दर वर्षी हा विषय येतो तेव्हा मी मुलांना सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. कैद्याला गोळी घातली, गाव जाळले, बाईवर अत्याचार केला, तर तो गुन्हा साधा शिपाईसुद्धा करू शकतो आणि त्याला शिक्षा होऊ शकते. पण आक्रमणाचा गुन्हा शिपायाला करताच येत नाही. कायद्याने तो फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे ज्यांच्या हातात देशाच्या राजकीय किंवा लष्करी कृतीचा लगाम असतो. पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष, सेनाप्रमुख, फार तर त्यांच्या भोवतालची दहापाच माणसे. जगातल्या सगळ्या गुन्ह्यांमध्ये हा एकच असा, की ज्यात हुकूम पाळणारा सुटतो आणि हुकूम देणाराच अडकतो. म्हणूनच तो कायद्यात यायला इतका वेळ लागला, असे माझे मत आहे. कायदे लिहायला बसतात ती माणसे हुकूम देणाऱ्यांनीच पाठवलेली असतात.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये, नाझी नेत्यांवरच्या खटल्यात, हुकूम देणारे पहिल्यांदा अडकले. नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६. आरोपपत्रात 'शांततेविरुद्धचे गुन्हे' हा स्वतंत्र आरोप होता, आणि निकालात न्यायाधीशांनी लिहिले की आक्रमक युद्ध सुरू करणे हा सर्वोच्च आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे, कारण बाकीच्या सगळ्या गुन्ह्यांचे साचलेले पाप त्याच्या पोटात असते. बारा जण या आरोपाखाली दोषी ठरले. त्यांतला रुडॉल्फ हेस, नाझी पक्षातला हिटलरचा उपनेता, मला नेहमी महत्त्वाचा वाटतो. मे १९४१ मध्ये तो विमान घेऊन स्कॉटलंडला उतरला आणि तेव्हापासून इंग्रजांच्या कैदेत होता. युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांतून न्यायालयाने त्याला सोडले. त्याला जन्मठेप झाली ती केवळ युद्धाचा कट आणि युद्धाची आखणी यासाठी. १९८७ मध्ये श्पांडाऊच्या तुरुंगातच तो गेला. फक्त युद्ध घडवून आणल्याबद्दल एक माणूस सेहेचाळीस वर्षे बंदिवासात राहू शकतो, हे त्या निकालाने दाखवून दिले.

पुरावा कसा मिळाला तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. ५ नोव्हेंबर १९३७ रोजी हिटलरने बर्लिनमध्ये परराष्ट्रमंत्री आणि सेनाप्रमुखांसमोर आपला विस्ताराचा बेत मांडला. कर्नल हॉसबाख या त्याच्या लष्करी सहायकाने काही दिवसांनी त्या बैठकीचे टिपण लिहून काढले. ते कागद न्यायालयासमोर आले. आक्रमणाचा खटला असा टिपणांवर, इतिवृत्तांवर, सह्यांवर उभा राहतो.

अमेरिकी अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांनी सुरुवातीच्या भाषणात सांगितले होते की हा कायदा आज जर्मनांना लावला जातो आहे, पण त्याचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो इतर कुठल्याही राष्ट्राच्या आक्रमणालाही लागला पाहिजे, आज इथे न्यायासनावर बसलेल्या राष्ट्रांनाही. ते बोलत होते त्याच दालनात सोव्हिएत न्यायाधीश बसले होते, आणि सोव्हिएत फौजा १७ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडमध्ये पूर्वेकडून शिरल्या होत्या. त्याबद्दल कुणावर आरोप ठेवला गेला नाही.

इथे मला टोकियोला, जपानी नेत्यांवर चाललेल्या तशाच खटल्याकडे, जावे लागते, कारण हा प्रश्न तिथे एका भारतीय माणसाने सगळ्यात कठोरपणे विचारला.

राधाबिनोद पाल हे कलकत्त्याचे. गणित शिकवून कायद्याकडे वळलेले, कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायाधीश, नंतर तिथल्या विद्यापीठाचे कुलगुरू. १९४६ मध्ये ते टोकियोच्या अकरा न्यायाधीशांत जाऊन बसले तेव्हा त्यांचा देश अजून ब्रिटिश मुलूख होता. खटला संपला तेव्हा स्वतंत्र झालेला होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये पंचवीस आरोपी दोषी ठरले आणि सात जणांना फाशी झाली. पाल यांनी बाराशेहून अधिक पानांचे वेगळे निकालपत्र लिहिले आणि सगळ्याच आरोपींना सर्व आरोपांतून निर्दोष ठरवले. न्यायालयात ते वाचून दाखवले गेले नाही. अमेरिकेचा ताबा उठेपर्यंत जपानमध्ये ते छापताही आले नाही.

मी ते पहिल्यांदा पुण्यात, एका ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर बसून वाचले. त्या पानांमध्ये संताप आहे, पण तो वकिली शिस्तीत बांधलेला. पाल यांचे म्हणणे थोडक्यात असे. १९२८ च्या केलॉग-ब्रियाँ करारात राष्ट्रांनी युद्धाचा त्याग केला हे खरे, पण स्वसंरक्षण म्हणजे काय हे ज्याने त्याने स्वतः ठरवायचे, अशी मोकळीक बड्या राष्ट्रांनी स्वतःकडे ठेवली. मग गुन्हा झाला केव्हा? आणि जी राष्ट्रे आज जपानला आक्रमक म्हणत आहेत त्यांच्या ताब्यातले आशियातले मुलूख कसे आले? तलवारीने मिळवलेले साम्राज्य एकदा हातात आल्यावर त्यालाच 'शांतता' म्हणायचे आणि ते हलवणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचे, हे त्यांना मान्य नव्हते. अणुबॉम्बबद्दलही ते स्पष्ट लिहितात: पॅसिफिकच्या युद्धात कैसरच्या आणि नाझी नेत्यांच्या हुकुमांच्या जवळ जाणारे काही असेल, तर तो हा बॉम्ब टाकण्याचा निर्णय.

तारखा पाहिल्या की पाल यांचा राग समजतो. सात जणांना फाशी झाली २३ डिसेंबर १९४८ ला. त्याच्या चारच दिवस आधी, १९ डिसेंबरला, डच फौजांनी इंडोनेशियात योग्याकार्तावर हल्ला चढवून सुकार्नोंना कैद केले होते. नेदरलँड्सचा न्यायाधीश टोकियोच्या त्याच पीठावर होता. फ्रान्सचाही होता, आणि फ्रान्स तेव्हा व्हिएतनाममध्ये लढत होता.

तरीही त्या निकालपत्राशी माझे भांडण आहे, आणि ते वर्षागणिक वाढत गेले आहे. चीनमधल्या नानकिंग शहरात जपानी फौजांचे अत्याचार झाले याचा पुरावा प्रचंड आहे हे पाल स्वतःच मान्य करतात. पण आरोपींनी त्याचे हुकूम दिले हे सिद्ध होत नाही म्हणून ते त्यांना सोडतात, आणि मांचुरियापासून सुरू झालेल्या चढाईला परिस्थितीचा, साम्यवादाच्या भीतीचा, पाश्चात्त्यांच्या कोंडीचा परिणाम म्हणून समजून घेतात. साम्राज्यवादी राष्ट्रांची लबाडी त्यांना इतकी लख्ख दिसत होती की चीनमधली माणसे त्या उजेडाबाहेर राहिली. चीनच्या शेतकऱ्याने कुठलेही साम्राज्य केले नव्हते. त्याच्या बाजूने पाहिले तर न्यायाधीशाचे हात स्वच्छ नाहीत म्हणून खुनी सुटावा, यात कसला न्याय? आज टोकियोतल्या यासुकुनी या युद्धात मेलेल्यांच्या मंदिराच्या आवारात पाल यांचे स्मारक आहे, २००५ मध्ये उभारलेले. ज्यांना फाशी झाली त्यांनाही त्याच मंदिरात देवत्व दिले आहे. पाल यांना हे कितपत आवडले असते, मला शंका वाटते.

ते पुढे काय करत राहिले हे मात्र आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असते. १९५२ पासून चौदा वर्षे ते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य होते. टोकियोचा कायदा नाकारून त्यांनी पाठ फिरवली नाही. नवे नियम जिथे लिहिले जात होते त्याच टेबलावर ते येऊन बसले.

पाल यांचा प्रश्न आपल्या अंगणात आला तो १९६१ च्या डिसेंबरात. भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि पोर्तुगालने सुरक्षा परिषदेत धाव घेतली: हे आक्रमण आहे. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदीचा आणि फौजा मागे घेण्याचा ठराव आणला. बाजूने सात मते, विरोधात चार: सोव्हिएत संघ, श्रीलंका, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी मांडलेला मुद्दा पाल यांच्याच जातकुळीतला होता: १५१० मध्ये बळाने घेतलेली भूमी ही वसाहतच राहते, चारशे वर्षांनी तिचा हक्क होत नाही.

मराठी माणूस म्हणून माझ्या मनात गोव्याबद्दल दुविधा नाही. ती मुक्तीच होती. गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या किती सत्याग्रहींनी १९५५ मध्ये पोर्तुगीज गोळ्या झेलल्या, आग्वादच्या तुरुंगात किती जण खितपत पडले, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण कायदा शिकवणारी म्हणून मला एवढे म्हणून थांबता येत नाही. कारण 'आमचीच माणसे तिकडे अडकली आहेत, आमचीच ती भूमी, इतिहास आमच्या बाजूने' हे शब्द २४ फेब्रुवारी २०२२ च्या आधीच्या दिवसांत मॉस्कोतूनही आले. विद्यार्थ्यांनी एकदा मला हे तोंडावर विचारले, आणि मला तो प्रश्न फार आवडला.

मी त्यांना सांगितले की तिथल्या माणसांकडे पाहा. युक्रेनच्या लोकांनी १ डिसेंबर १९९१ रोजी मतदान केले आणि नव्वद टक्क्यांहून अधिकांनी स्वातंत्र्य मागितले. रशियाने १९९४ मध्ये बुडापेस्टला सही करून त्यांच्या सीमा मानल्या. त्या सीमा ओलांडून राजधानीवर रणगाडे पाठवले गेले. गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने लोकांना कधी विचारलेच नव्हते. मुक्तीनंतर दोन वर्षांत तिथे निवडणूक झाली, बांदोडकरांचे सरकार आले, आणि जानेवारी १९६७ मध्ये महाराष्ट्रात विलीन व्हायचे का, असा कौल घेतला तेव्हा गोव्याने आपल्याला, म्हणजे महाराष्ट्राला, नाही म्हटले आणि ते नाही मानले गेले. भारतात राहायचे की नाही, हा प्रश्न त्या कौलात नव्हता, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. तरीही जिंकणाऱ्याला नाही म्हणता येते की नाही, हा फरक लहान नाही. यावर वर्गात बराच वाद झाला आणि तो मिटला नाही.

एखाद्या देशाने केलेले आक्रमण म्हणजे काय, याची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७४ मध्ये केली. १९९८ मध्ये रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला तेव्हा गुन्ह्यांच्या यादीत आक्रमण होते, पण कुलूपबंद. माणसावरच्या गुन्ह्याची व्याख्या ठरेपर्यंत त्यावर खटला नाही. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला न्यायालयावर मिळालेले अधिकार आणि अण्वस्त्रांना बंदी घातलेल्या शस्त्रांच्या यादीतून वगळणे, या दोन्ही हरकती मला रास्त वाटतात. २०१० मध्ये युगांडातल्या कंपालाला, सदस्य देशांच्या बैठकीत, ती व्याख्या ठरली. न्यूरेंबर्गच्या एका खटल्यात सत्तावीस वर्षांचा तरुण म्हणून अभियोक्ता झालेले बेंजामिन फेरेंझ नव्वदाव्या वर्षी तिथे हजर होते. हे कलम यावे म्हणून त्या माणसाने उरलेले सगळे आयुष्य घालवले होते. २०१८ मध्ये कलम लागू झाले. मात्र त्यात एक पळवाट ठेवली होती: जो देश न्यायालयाचा सदस्य नाही, त्याच्या नागरिकांवर आक्रमणाचा खटला नाही, आणि त्याच्या भूमीवर झालेल्या आक्रमणाचाही नाही. बाकीच्या गुन्ह्यांना अशी सूट नाही, फक्त याला आहे. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत सदस्य नाहीत.

मधल्या काळात इराक घडून गेले. मार्च २००३ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या उपविधी सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी राजीनामा दिला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर बळाचा बेकायदा वापर म्हणजे आक्रमणाचा गुन्हा, असे त्यांनी राजीनाम्यात लिहिले. हा शब्द त्यांनी कागदावर उमटवला तेव्हा युद्ध सुरू व्हायला जेमतेम दोन दिवस उरले होते. मुलींना मी ते पत्र वाचायला देते. तेरा वर्षांनी, या युद्धाची चौकशी करणाऱ्या ब्रिटनच्या चिल्कॉट समितीचा बारा खंडांचा अहवाल आला. शांततेचे मार्ग संपलेले नसताना युद्धात उडी घेतली गेली, असा त्याचा निष्कर्ष. तरी कुणावर खटला होऊ शकत नव्हता. कलम तेव्हा कुलपातच होते, आणि ब्रिटनच्या देशी कायद्यात हा गुन्हा येत नाही असे तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने २००६ मध्येच सांगून टाकले होते. जॅक्सन जे म्हणाले होते, न्यायासनावर बसलेल्या राष्ट्रांनाही, त्याची परीक्षा इथे होती. अमेरिका आणि ब्रिटन तीत नापास झाले, आणि पुतिन यांनी आपल्या भाषणात इराकचा दाखला दिला तेव्हा त्यांना उत्तर देणाऱ्यांचा आवाज त्यामुळेच कमजोर पडला.

युक्रेनच्या बाबतीत हेगच्या याच फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढले ते मुलांना बेकायदा पळवून नेल्याबद्दल. युद्ध सुरू केल्याबद्दल काढताच येत नव्हते, त्या पळवाटेमुळे. म्हणून २५ जून २०२५ रोजी स्ट्रासबर्गला झेलेन्स्की आणि युरोप परिषदेचे महासचिव अलँ बेर्से यांनी एका विशेष न्यायाधिकरणाच्या करारावर सह्या केल्या. त्याच्यापुढे एकच गुन्हा: युक्रेनवरचे आक्रमण. त्यातही राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री पदावर असेपर्यंत त्यांच्यावर प्रत्यक्ष खटला चालणार नाही, ही तडजोड आहे. मला ती बोचते. पण युगोस्लाव्हियाचा अध्यक्ष मिलोशेविच याच्यावर तो पदावर असताना १९९९ मध्ये आरोपपत्र आले तेव्हाही कुणाला वाटले नव्हते, की दोन वर्षांनी त्याच्याच देशाचे सरकार त्याला हेगला पाठवील.

पुरावा तर यावेळी शोधावाही लागणार नाही. २१ फेब्रुवारी २०२२ ला क्रेमलिनच्या दालनात रशियाच्या सुरक्षा परिषदेची बैठक झाली आणि तिचे चित्रण टीव्हीवर दाखवले गेले. परदेशी हेरखात्याचा प्रमुख नारिश्किन अडखळत बोलत होता, आणि पुतिन त्याला स्पष्ट बोला, स्पष्ट बोला असे बजावत होते. घाबरून तो पूर्व युक्रेनमधले डोनेत्स्क आणि लुहान्स्क रशियात सामील करायला आपला पाठिंबा आहे असे बोलून गेला. आपण ते बोलतच नाही आहोत, असे पुतिन यांनी त्याला सुनावले. निर्णयाच्या टेबलाभोवती कोण कोण होते आणि कोण काय म्हणाले, हे सगळ्या जगाने पाहिले आहे.

२ मार्च २०२२ ला आमसभेत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला. भारत तटस्थ राहिला. दोन आठवड्यांनी हेगच्याच दुसऱ्या न्यायालयात, आंतरराष्ट्रीय न्यायालयात, रशियाने लष्करी कारवाई थांबवावी असा आदेश तेरा विरुद्ध दोन मतांनी निघाला. त्या तेरांत न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, जे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिले आहेत. ते न्यायालय देशादेशांमधला दावा ऐकते, माणसाला शिक्षा करू शकत नाही. पण एका भारतीय न्यायाधीशाने कायदा वाचून दिलेले मत माझ्यासाठी दिल्लीच्या तटस्थतेपेक्षा मोलाचे आहे.

कंपालातली ती पळवाट बुजवायची का, यावर जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सदस्य देशांची खास बैठक झाली, आणि निर्णय २०२९ वर ढकलला गेला. भारताला तिथे मत नाही, पण निरीक्षक म्हणून बसता येते आणि बोलताही येते. पाल यांचा दाखला आपण गेली पाऊणशे वर्षे दुसऱ्यांचा दुटप्पीपणा दाखवायला वापरत आलो. माझी इच्छा आहे की २०२९ मध्ये आपल्या माणसाने त्याच निकालपत्राच्या आधाराने उठून सांगावे, की सदस्य नसलेल्यांना दिलेली सूट काढा, बड्या राष्ट्रांची काढा आणि आमचीही काढा. मग गोव्याचा प्रश्न कुणी आपल्याला विचारला तर विचारू दे. त्याचे उत्तर आपल्यापाशी आहे, आणि ते न्यायाधीशासमोर द्यायला मला भीती वाटत नाही.